चार थैल्या, एक कुलूप आणि आमच्या रोहणकर बाई

आणि वरून मलाच समजावतात, "कांताबाई, रागावू नका, हे सगळं बाईंच्या सन्मानासाठीच केलं." सन्मान! ज्या चार थैल्यांत हात घालून वलगावच्या आम्ही बाया लिहा-वाचायला शिकलो, त्या थैल्या तुम्ही उचलल्या, काचेच्या कपाटात मांडल्या, वर पिवळा दिवा लावला, खाली पाटी लावली आणि कपाटाला कुलूप ठोकलं. बाईंना विचारलं नाही. आम्हाला विचारलं नाही. किल्ली मागितली तर शाळेचा शिपाई म्हणतो गौरव समितीकडे आहे, समिती म्हणते संस्थेकडे आहे, आणि संस्थेच्या ऑफिसात गेलं तर तिथला माणूस म्हणतो, "आधी उद्घाटन होऊ द्या." उद्घाटन कशाचं? थैल्यांचं? त्या थैल्यांतून शिकलेली माझी पोरगी आता लेकुरवाळी झाली. तुमचं उद्घाटन आत्ता व्हायचं आहे का?

गौरवग्रंथातला लेख असा सुरू करत नाहीत, हे मला कळतं. समितीने सगळ्यांना पाठवला तसा एक नमुना मलाही पाठवला होता. "आदरणीय बाईंचा सहवास मला अमुक वर्षे लाभला, त्यांचा स्वभाव अमुक आहे." मधल्या रिकाम्या जागा आपण भरायच्या. मी तो वाचला आणि मोठ्यानं हसले. रिकाम्या जागा भरायला आम्हाला बाईंनीच शिकवलं, आणि तुम्ही बाईंवर लिहायला आम्हाला रिकाम्या जागा देता? त्यातही कोणते शब्द बसवायचे ते तुमचं ठरलेलं: प्रेमळ, शांत, मनमिळाऊ. आमच्या बाई शांत नाहीत. खेळात कुणी थैलीत डोकावून शब्द निवडला, तर त्यांचा आवाज पेढी नदीच्या पलीकडे जातो. म्हणून मी तुमचा नमुना बाजूला ठेवला आणि माझ्या हातानं लिहायला बसले. शुद्धलेखन माझ्या पोरीनं, आरतीनं, तपासलं आहे. राग कमी करायचाही प्रयत्न तिनं केला. तो मी करू दिला नाही.

प्रमिलाबाई रोहणकर यांना यंदा पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली. बाई मूळच्या अकोल्याच्या. वलगावच्या शाळेत नोकरीला आल्या आणि इथल्याच होऊन राहिल्या. निवृत्त झाल्यावर शाळेच्या कडेच्या खोलीत दर बुधवारी दुपारी त्यांनी आम्हा बायांचा वर्ग चालवला. तो वर्ग या उन्हाळ्यापर्यंत चालू होता. "होता" असं लिहावं लागतं आहे, त्याचाच हा संताप आहे.

बाईंची आणि माझी पहिली ओळख भांडणानं झाली. भांडण मी काढलं, आणि त्याचा मला आजही पस्तावा नाही. आरती तेव्हा चौथीत होती. रोज शाळेतून यायची आणि काहीबाही वाक्यं म्हणून एकटीच हसायची. "आजीनं गोड विहीर शिवली." "गुरुजींनी चिल्लर म्हैस वाचली." मी म्हटलं, ही शाळा आहे का तमाशा? आम्ही फुलांच्या वावरात पहाटेपासून वाकायचं आणि पोरीनं शाळेत म्हशी वाचायच्या? एक दिवस झेंडूची टोपली डोक्यावर तशीच ठेवून मी थेट वर्गाच्या दारात जाऊन उभी राहिले.

"काहो बाई, पोट्ट्याईले शिकवता का खेळवता?"

पोरं सतरंजीवर गोल बसली होती. मध्ये चार रंगांच्या चार थैल्या. बाईंनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "या, या. आम्हाला एक माणूस कमीच पडत होतं. टोपली ठेवा खाली."

"मले वेळ नाई."

"मग उभ्यानं खेळा." असं म्हणून त्यांनी फळ्यावर एक वाक्य लिहिलं. ते मला तेव्हा वाचता आलं नाही, आरतीनं वाचून दाखवलं. एक जागा रिकामी, मग "बाई दारात", मग पुन्हा एक जागा रिकामी. बाईंनी हिरवी थैली माझ्यापुढे धरली. मी हात घालून एक चिठ्ठी काढली. मग लाल थैलीतून एक. पहिलीवर होतं "आंबट", दुसरीवर "उकळणे". पोरांनी ओरडून वाक्य पुरं केलं, "आंबट बाई दारात उकळते!"

सगळा वर्ग सतरंजीवर लोळला. माझी स्वतःची पोरगी सगळ्यात जास्त. मी टोपली उचलून निघणारच होते, तर बाई म्हणाल्या, "थांबा. हे थैलीनं सांगितलं. आता तुम्ही सांगा. कशी बाई? आणि काय करते?"

मी म्हटलं, "तापलेली बाई दारात भांडते!"

"बरोबर. दोन्ही शब्द जागेवर बसले. पहिलं विशेषण, दुसरं क्रियापद. तुम्हाला दोन्ही येतात."

"मले नाई येत ते."

"येतं. फक्त नाव माहीत नव्हतं." आणि त्यांनी माझ्या टोपलीतलं एक झेंडूचं फूल उचललं, विचारलंसुद्धा नाही, आणि पोरांना दाखवून म्हणाल्या, "हे कोणत्या थैलीत जाईल?" पोरं ओरडली, "पिवळ्या! नाम!" मी फूल परत मागितलं नाही.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. पिवळी थैली नामांची, लाल क्रियापदांची, हिरवी विशेषणांची, पांढरी सर्वनामांची. पुढे क्रियाविशेषणांची एक लहानशी पिशवी पांढरीच्या आत आली. थैल्या ओटीतल्या ब्लाउजपिसांच्या आहेत. ओटीतलं ब्लाउजपीस कसं असतं, कुणी शिवत नाही, या घरातून त्या घरात फिरत राहतं. बाईंनी ते फिरणं थांबवलं आणि त्याच्या थैल्या शिवल्या. चिठ्ठ्या लग्नपत्रिकांच्या. पत्रिकेवर गणपती असतो, म्हणून ती केरात टाकता येत नाही, आणि घरात ठेवून तरी किती ठेवणार? लग्नसराई संपली की गावातल्या सगळ्या पत्रिका बाईंकडे जायच्या. बाई वरचा गणपती अलगद कापून बाजूला काढायच्या, तो मी निर्माल्याबरोबर नेऊन सोडायची, आणि उरलेल्या जाड कागदाच्या चिठ्ठ्या व्हायच्या. पुढून शब्द, मागून कुणाचं तरी अर्धं लग्न.

खेळ सोपा. रिकाम्या जागांचं वाक्य, ज्या जागेला जी थैली लागते तिच्यातून न पाहता शब्द काढायचा आणि वाक्याला जुळेल तसा तो वाकवायचा. वाक्य वेडंवाकडं निघतं, पण वाक्यच निघतं. मग बाई मुद्दाम लाल थैलीतला शब्द पिवळ्या जागी ठेवायच्या. "धुणेने भाकर खाल्ली." वाचलं की दाताखाली खडा आल्यासारखं व्हायचं. बाई विचारायच्या, "कुठं टोचलं?" आम्ही बोट ठेवायचो. नियम पाठ करायला त्यांनी आम्हाला कधी लावलं नाही.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा मीच त्यांच्या घरी जाऊन म्हटलं, "पोट्ट्याईले शिकवलं, आता आमाले शिकवा." त्यांनी एकच अट घातली. जी नवीन येईल तिनं आपल्या हातानं एक शब्द लिहून थैलीत टाकायचा. आपल्या कामातला, आपल्या तोंडातला, पुस्तकातला नाही. अक्षर येत नसेल तर बाई हात धरतील, पण पेन तिच्याच हातात राहील. म्हणून त्या थैल्यांत "ओवणे" आहे, तो माझा. "वेचणे" आहे, तणाचं "निंदणे" आहे, "पाणचट" आहे, "चरवी" आहे. कुणाचा "वे" उलटा आहे, कुणाची वेलांटी दुसऱ्या चिठ्ठीत गेली आहे. यातल्या कितीतरी बायांनी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलेला शब्द तोच. समितीच्या पाटीवर याबद्दल एक अक्षर नाही. पाटीवर लिहिलं आहे, "दुर्मिळ शैक्षणिक साहित्य. हात लावू नये."

बाईंची शिकवण्याची रीत सांगायची तर रुखमाची गोष्ट सांगावी लागेल. रुखमा माझ्या शेजारच्या वावरातली, वयानं माझ्याहून मोठी. तिच्या मालकांचं नाव गुलाब. आमच्याकडे जुन्या बाया मालकाचं नाव घेत नाहीत. माझ्याकडे फुलं घ्यायला आली की ती "ते लाल दे, काट्याचे" असंच म्हणणार. एका बुधवारी तिच्या हाताला पिवळ्या थैलीतून नेमकी "गुलाब" ही चिठ्ठी आली. वाक्य होतं, अमक्यानं खीर सांडली. रुखमा चिठ्ठी धरून बसली.

"वाच ना व," मी म्हटलं.

"मी नाई वाचत."

"कावून?"

"त्यायचं नाव हाय ते."

सगळ्या जणी फिदीफिदी हसायला लागल्या. एकीनं म्हटलं, "अव, एक डाव घे नाव, काही मरत नाईत ते!" रुखमाचे डोळे भरले. बाईंनी सगळ्यांना गप्प केलं. म्हणाल्या, "रुखमाबाई, नाव घेऊ नका. पण वाक्य तर पुरं केलं पाहिजे. मग काय म्हणाल?"

रुखमा म्हणाली, "त्यायनं खीर सांडली."

"झालं. पांढऱ्या थैलीतला शब्द तुम्ही न काढता आणला." आणि बाईंनी तिथल्या तिथं "ते" लिहून रुखमाच्या हातानं पांढऱ्या थैलीत टाकला. रुखमानं डोळे पुसले आणि म्हणाली, "पण खीर त्यायनं खरंच सांडली होती बाई, पोराच्या बारशाले." मग आम्ही पुन्हा हसलो, पण या वेळी तीही हसली. ज्या बाईला नाव घ्यायची लाज वाटते तिला नाव न घेता पुढं कसं न्यायचं, हे बाईंना कळतं. तुमच्या काचेला कळतं का?

आणखी एक सांगते, नाव सांगत नाही. आमच्यातल्या एकीला लाल थैलीतून "पळणे" निघालं. तिनं चिठ्ठी उलटी करून पाहिली तर मागं तिच्याच लग्नाची पत्रिका. तिचा नवरा कधीचाच घर सोडून गेलेला. तिनं पुढून पाहिलं, मागून पाहिलं आणि म्हणाली, "बाई, हा शब्द बरोब्बर जागेवर बसला." त्या दिवशी बाईंनी वर्ग लवकर सोडला, कारण हसण्यापुढे पुढचं काही झालंच नसतं.

बाईंना भाषेचा गर्व नाही, आणि लाजही नाही. एकदा पुण्याकडचे एक साहेब वर्ग पाहायला आले. रुखमानं "करणे" हा शब्द वाकवला, "सून सैपाक करून राहिली." साहेब म्हणाले, "बाई, हे दुरुस्त करा. 'करत आहे' म्हणा." बाई म्हणाल्या, "तुमच्या तोंडी तसं वाकतं, हिच्या तोंडी असं. तुमचंही शिकवते मी, पुस्तकात तेच लागतं. पण वाकलं ते क्रियापदच ना?" साहेब हसले, "हो, ते तर आहे." त्यावर रुखमा मला म्हणाली, "साहेबाले चहा सांग व, चांगले शिकून राहिले ते." साहेबांना ऐकू गेलं. तेही हसले. चहा घेऊन गेले.

माझी बहीण बार्शीटाकळीला असते. तिच्या बचत गटातल्या बायांना हा खेळ पाहिजे होता. बाई म्हणाल्या, जाऊ. आम्ही एसटीनं निघालो. कंडक्टर म्हणाला, आजी, थैल्या वर ठेवा. बाई म्हणाल्या, "वर सामान ठेवतात. हे सामान नाही." थैल्या मांडीवर. मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद पडली. ऊन असं की पत्रा हाताला चिकटत होता. माणसं ड्रायव्हरला शिव्या द्यायला लागली, एक जण तर बाह्या सरसावून उतरला. बाईंनी हिरवी थैली त्याच्याच पुढं धरली. "एक काढा." तो माणूस गोंधळला, पण काढली. मग दुसऱ्यानं, तिसऱ्यानं. वाक्य झालं, "उपाशी कंडक्टरनं भित्री गाडी गिळली." कंडक्टर म्हणाला, "आजी, गिळली असती त बरं झालं असतं, ढकलाची त पाळी नसती आली!" दुसरी गाडी येईपर्यंत एसटीच्या सावलीत खेळ चालला होता. ज्यानं बाह्या सरसावल्या होत्या, त्यानं बाईंना हात देऊन दुसऱ्या गाडीत चढवलं. थैल्या अशा फिरतात. त्या बसून राहायला शिवलेल्याच नाहीत.

आता घरची गोष्ट. दसऱ्याच्या तोंडावर माझ्या मालकांचा हात मोडला, अकोल्याच्या दवाखान्यात ऑपरेशन होतं. दसरा म्हणजे झेंडूचा हंगाम. अमरावतीच्या बाजारातली जागा एक दिवस सोडली तर दुसरा बसतो. मला काही सुचेना. बाई म्हणाल्या, "तू दवाखान्यात जा, जागेवर मी बसते." मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या बाई पोत्यावर बसल्या, समोर झेंडूचा ढीग. शेजारच्या भाजीवालीनं मला नंतर सगळं सांगितलं. गिऱ्हाईक यायचं, म्हणायचं, "बाई, चांगला झेंडू द्या." बाई विचारायच्या, "चांगला म्हणजे कसा? टपोरा? ताजा? केशरी?" गिऱ्हाईक पळून जायचं. काही परतही यायचे. एक माणूस दुसऱ्या दिवशी येऊन म्हणाला म्हणे, "बाई, टपोरा, ताजा, केशरी झेंडू द्या, आणि लवकर द्या." बाई म्हणाल्या, "लवकर हे क्रियाविशेषण, त्याचे जास्त पडतील." हार मात्र त्यांनी असे ओवले की गाडीला बांधेपर्यंत अर्धी फुलं रस्त्यावर. मी आल्यावर त्यांना बोललेच. बोलले आणि त्यांच्या पाया पडले, दोन्ही एकदम.

अशा बाई. त्यांचा गौरव करायचा ठरला तेव्हा मला वाटलं, चला, उशिरा का होईना सुचलं. समितीचे सचिव दिगंबरभाऊ हे बाईंचेच विद्यार्थी. माणूस वाईट नाही. थैल्या कपाटात गेल्यावर मी त्यांच्याकडे गेले.

"कांताबाई, त्या चिठ्ठ्या जुन्या झाल्या. फाटून जातील. जतन करायला नको का?"

"जुन्या त बाईही झाल्या. त्यायलेही ठेवता का कपाटात?"

"असं काय बोलता! बाईंना आता विश्रांती पाहिजे."

"बाई म्हणाल्या?"

"त्या कशाला म्हणतील? आपणच समजून घ्यायचं असतं."

मग त्यांनी उपाय काढला. छापील चिठ्ठ्या करून दिल्या, प्लास्टिकच्या, पाण्यानं न भिजणाऱ्या. आम्ही बुधवारी त्या पसरल्या. "विमान", "वैज्ञानिक", "प्रगत", "साकारणे". शब्दांत खोट नाही, आरती म्हणते पुस्तकात सगळे लागतात. पण दोन वाक्यं झाली आणि खेळ बसला. रुखमानं चिठ्ठी उलटीसुलटी करून पाहिली, मागं कोरं. म्हणाली, "हे कोणाचे शब्द हायेत व माय? यात त माह्या ओळखीचं कोणीच नाई." रुखमाचं क्रियाविशेषण अर्ध्यावर राहिलं आहे. नवीन आलेल्या दोघी सुनांनी आपला शब्द लिहिलेला आहे आणि तो टाकायला थैली नाही.

आणि बाई? त्यांना कपाट दाखवायला नेलं तेव्हा मी सोबत होते. दिवा लागला, फोटो निघाले. बाई म्हणाल्या, "छान मांडलंय." लाल थैलीसमोर त्यांनी काचेवर हात ठेवला. काचेवर बोटांचे ठसे उमटले, ते त्यांनी पदरानं पुसले. बाहेर आल्यावर मी तापले तर म्हणाल्या, "असू दे, प्रेमानं केलंय पोरांनी." पुढच्या बुधवारी बाई आल्या नाहीत. म्हणे बरं वाटत नाही. मी घरी गेले तर जमिनीवर पत्रिका पसरून कात्री घेऊन बसलेल्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, हात थरथरतो. गणपती कापताना कात्री सरळ जाईना. एक पत्रिका त्यांनी तीनदा हातात घेतली आणि तीनदा खाली ठेवली.

"हे काय करून राहिल्या?"

"नवीन थैली."

"जमते का तुमाले आता?"

त्यांनी कात्री बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "कांता, मग बुधवारी मी दुसरं काय करू?"

याचं उत्तर समितीनं द्यावं. विश्रांती, विश्रांती म्हणता, त्या बाईंना तुम्ही बेकार केलं आहे. शाल घालून बेकार केलं आहे. तुमच्या भाषणांत बाई "होत्या", "झिजल्या", "घडवून गेल्या". अहो, त्या आहेत! चांगल्या खणखणीत आहेत. पुरणपोळी दोन खातात आणि तिसरी नको म्हणत नाहीत.

बाई, तुम्ही हे वाचाल आणि मला बोलाल, हे मला माहीत आहे. बोला. अजून पुष्कळ वर्षं बोला. तुमचे गुडघे चालते राहोत, डोळ्यांना लांबचं-जवळचं नीट दिसो, भूक आत्ता आहे तशीच राहो आणि आवाज नदीपलीकडे जात राहो. आरतीच्या पोरीनं तिचा पहिला शब्द तुमचा हात धरून लिहावा, आणि तिच्या पोरीनंही, एवढं आयुष्य तुम्हाला मिळो. देवाकडे मी मागते ते एवढंच. बाकीचं मला समितीकडे मागायचं आहे.

बाईंच्या हाताखाली शिकलेल्या सगळ्यांनो, हा ग्रंथ तुमच्या हातात येईल तेव्हा पुढचं घडून गेलेलं असेल. काय घडलं ते समितीला विचारा, मला विचारू नका.

आणि दिगंबरभाऊ, हा लेख छापायच्या आधी तुमच्याच हातात येणार, म्हणून हे तुम्हाला. कपाट ठेवा, काच ठेवा, दिवा ठेवा. फक्त किल्ली बाईंच्या हातात द्या. बुधवारी दुपारी आम्ही थैल्या काढू, खेळू, संध्याकाळी परत ठेवू. मग दाखवा तुमच्या पाहुण्यांना हवं तेवढं. येत्या बुधवारी सत्कार आहे, त्या दिवसाचे सगळे हार, स्टेजची तोरणं, पाहुण्यांचे गुच्छ, तुम्ही मलाच सांगितले आहेत. येत्या मंगळवारी संध्याकाळी बाजार उठेपर्यंत मी माझ्या जागेवर बसून आहे. किल्ली घेऊन या, नाहीतर "देत नाही" हे माझ्या तोंडावर येऊन सांगा. दोन्हीपैकी काहीच झालं नाही, तर बुधवारी पहाटे मी फुलं तोडीन ती फक्त बाईंच्या एका हारापुरती, आणि तो हार त्यांच्या घरी जाऊन घालीन. तुमच्या स्टेजला काय लावायचं ते तुम्ही बघा. उत्तर मंगळवारी पाहिजे.

कांता, फुलवाली
वलगाव